जुन्नरची भुतं आणि त्यांची नावं

स्मरणिकेच्या मंडळींनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ या विषयावर लिहायला सांगितलं होतं. त्यातलं आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून तो विषय मी साभार परत केला आणि भुतांचा मागून घेतला. आपल्या वर्गाच्या कोणत्याही भेटीत नोकऱ्या, मुलांच्या परीक्षा, गुडघे आणि साखर हे सगळं अर्ध्या तासात उरकतं. मग कोणीतरी हमखास विचारतं, “काय गं, ती विहिरीवरची बाई आठवते का?” त्यानंतरचे दोन तास भुतांचे असतात. तेव्हा या विषयाला स्मरणिकेत चार पानं मिळायला कोणाची हरकत नसावी.

सुरुवातीलाच सांगते, मी इतिहासाची अभ्यासक नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं, पोट सॉफ्टवेअरवर. आमच्या कामात एक सवय लागते. एकच तक्रार पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणाहून येत असेल, तर तक्रार करणाऱ्याला हसायचं नाही, तिथल्या जुन्या नोंदी काढून बघायच्या. गेली तीन-चार वर्षं सुट्टीत गावी आले की ही सवय मी जुन्नर-आंबेगावच्या भुतांवर वापरते आहे. त्यातून जे हाती लागलं ते आपल्या सर-बाईंपुढे आणि तुम्हा सगळ्यांपुढे ठेवते.

भुतं असतात का, या वादात मी पडत नाही. विज्ञानाच्या तासाला आपल्याला शिकवलं ते पुरेसं आहे. लेण्यात पंखांचा आवाज आला तर ती वटवाघळं. उसाच्या कडेला दोन डोळे चमकले तर तो बिबट्या. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला, हे आता आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. माणिकडोहला तर बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. पण एवढं सांगून प्रश्न मिटत नाही. वटवाघळं सगळ्याच लेण्यांत आहेत, मग ‘भूत लेणी’ हे नाव एकाच गटाला का? कप्पी सगळ्याच विहिरींची करकरते, मग बाई आपल्याच विहिरीवर का?

आधी आपल्या भुतांची वर्गवारी आठवा. मुंजीनंतर आणि लग्नाआधी गेलेला मुलगा तो मुंजा, त्याचा मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात गेलेली बाई ती हडळ. ब्राह्मणाचा ब्रह्मसमंध, मुसलमानाचा खवीस, पाण्यात ओढणारा गिऱ्हा, रानात वाट चुकवणारा चकवा. ही यादी मी कागदावर रकाने पाडून मांडली, तेव्हा ती एखाद्या मृत्यूनोंदवहीसारखी दिसायला लागली. वय, लग्न झालं होतं की नाही, जात-धर्म, मरणाचं कारण, जागा, सगळं त्यात आहे. फक्त पहिला रकाना, नावाचा, कोरा. ‘पिंपळावर मुंजा आहे’ एवढंच गाव सांगतं. तो कोणाचा मुलगा, हे विचारायची पद्धत नाही.

हा कोरा रकाना डोक्यात ठेवून मी मानमोडीवर गेले.

जुन्नरच्या दक्षिणेचा हा डोंगर तुम्हाला सांगायला नको. आपल्या गावाभोवती दीडशेहून जास्त लेणी कोरलेली आहेत. लेण्याद्री, तुळजा लेणी, शिवनेरीचे कडे आणि मानमोडी. मानमोडीवर तीन गट आहेत, भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूत लेणी. जुन्या पुस्तकांत या तिसऱ्या गटाचं नाव ‘भूतलिंग’ असंही येतं. सगळी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. मानमोडी म्हटलं की मान मोडणारा उभा चढ डोळ्यांपुढे येतो, पण तिथल्याच शिलालेखात डोंगराचं नाव ‘मानमुकुड’ असं आलं आहे. शब्द झिजला, अर्थ हरवला आणि उरलेल्या शब्दाला शोभेलशी गोष्ट लोकांनी बसवली. भुतांचंही असंच होतं.

भूत लेण्यांतल्या चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीत कमळाच्या पाकळ्यांसारखे कप्पे कोरले आहेत. मधल्या पाकळीत लक्ष्मी उभी आहे, बाजूच्या पाकळ्यांत हत्ती आणि हात जोडलेली माणसं. तिथेच ब्राह्मी अक्षरांची एक लहानशी ओळ आहे. तिचा अर्थ एवढाच, की हा दर्शनी भाग यवन चंद याचं दान आहे. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेला, ग्रीक म्हणून ओळखला जाणारा परदेशी. त्या काळी कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि मालामागून माणसंही यायची. त्यांतलाच हा एक. नाव मात्र इथलं वाटावं असं, चंद.

चंदासारखे आणखीही आहेत. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याचा लेख आहे आणि चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिल्याचा. मानमोडीच्याच भीमाशंकर गटात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये एक टाकं आणि मंडप दिल्याची नोंद आहे. म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी जुन्नरमध्ये एक रीत होती. पाण्याची सोय करून द्यायची आणि देणाऱ्याचं नाव कातळावर कोरायचं. ही रीत ध्यानात ठेवा, शेवटी तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

मग ज्याच्या दारावर नाव कोरलेलं आहे, त्या जागेला भुताचं नाव कसं चिकटलं? कारण लिपी. ब्राह्मी वाचणारी माणसं संपली, अक्षरं भिंतीवर तशीच राहिली. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ब्राह्मीचं कोडं सोडवलं. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांतले शिलालेख १८८१ मध्ये छापून काढले. त्याआधीची कित्येक शतकं गुराख्यांना कड्यातली ही मोठी दारं रोज दिसत होती, पण ती कोणाची हे सांगणारं कोणी नव्हतं. अशा वेळी आपल्याकडे तीनच उत्तरं असतात. देवाने केलं, पांडवांनी केलं, नाहीतर भुताने केलं. नाशिकच्या लेण्यांना पांडव मिळाले, लेण्याद्रीला गणपती मिळाला, चंदाच्या दाराला भूत मिळालं. नाव तिथेच होतं, वाचता येत नव्हतं.

आता थोडं पुण्याला जाऊ, कारण भुताची गोष्ट म्हटली की आपल्या जिल्ह्यात शनिवारवाड्याला वगळता येत नाही. शाळेची सहल गेली होती तेव्हा दिल्ली दरवाजात उभं राहून आपण सगळ्यांनी ‘काका, मला वाचवा’ असा ओरडा केला होता आणि सरांनी आपल्याला एका रांगेत उभं केलं होतं. तिथलं भूत नाव-गावासकट आहे. नारायणराव पेशवे, वय १८. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवात, गारद्यांनी त्यांना वाड्यात मारलं. मूळ हुकुमात ‘धरावे’ होतं, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, ही कथा आपल्याला तोंडपाठ आहे. पौर्णिमेच्या रात्री आवाज येतो म्हणतात.

ज्या दालनांतून नारायणराव धावले ती आज नाहीत. १८१८ नंतर इंग्रजांच्या काळात वाड्यात तुरुंग, दवाखाना आणि वेड्यांचं इस्पितळ होतं, आणि १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला. आज उरलेत ते तट, दरवाजे आणि जोती. तरीही भूत टिकलं. माझ्या मते ते टिकलं कारण खटला अर्धवट राहिला. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवलं. रघुनाथरावांची सत्ता गेली, पण खुनाची सजा त्यांना झाली नाही. १७८३ मध्ये कोपरगावला ते आपल्या मरणाने गेले. निकाल लागला आणि अंमल झाला नाही, की लोक तो खटला आपल्या परीने चालू ठेवतात. दर पौर्णिमेला फिर्यादी हाक मारतो.

पण त्याच दिवशी नारायणरावांना वाचवायला चापाजी टिळेकर हा सेवक त्यांच्या अंगावर पडला आणि तोही त्यांच्याबरोबर मारला गेला. त्याची हाक कोणाला ऐकू येत नाही. वाड्यात त्या दिवशी आणखीही माणसं मेली, त्यांचीही नाही. म्हणजे भूत व्हायलासुद्धा मोठं नाव लागतं. पेशव्याचं भूत नावानिशी राहतं, सेवक इतिहासाच्या एका ओळीत जातो आणि गावातला पोरगा नुसता ‘मुंजा’ होतो.

याच्या अगदी उलट गोष्ट आपल्या शिवनेरीवर आहे. सतराव्या शतकाच्या मध्याला किल्ला मोगलांकडे होता. जमिनीच्या नव्या मोजणीविरुद्ध आणि साऱ्याविरुद्ध महादेव कोळी उठले. उठाव मोडला गेला आणि पकडलेल्यांना जुन्नरला मारण्यात आलं. त्यांच्या मुंडक्यांच्या राशीवर चौथरा बांधला, ही आठवण कॅप्टन मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात महादेव कोळ्यांवर लिहिताना टिपून ठेवली. गडावर आज कोळी चौथरा दाखवतात तो त्यांचाच. इतकी माणसं एका जागी मारली गेली, तरी तिथे भुताची गोष्ट मी ऐकलेली नाही. वसतिगृहात राहणाऱ्या आपल्या पश्चिमेकडच्या मित्रांना मुद्दाम विचारलं. एकाने सांगितलं, “आम्ही तिथे जाऊन हात जोडतो. आपल्याच माणसांना कशाला घाबरायचं?” एकेकाचं नाव उरलं नसेल, पण ती कोणाची माणसं हे समाज विसरला नाही. तेवढ्यानेही भुताला जागा उरत नाही.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात मला याचा पडताळा आला. तालुक्याचं नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावला, आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली. जलाशयाला नाव आहे महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूंचं. परदेशी मालाच्या ट्रकपुढे १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत ते आडवे झाले, हे आपण पाठ केलेलं आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुनी देवळं वर येतात आणि लांबून बघायला आलेले लोक बुडालेल्या घंटेच्या गोष्टी रंगवतात. त्या गावातून उठून आलेल्या एका आजींना मी घंटेबद्दल विचारलं. त्या हसल्या आणि घरांची ओळ सांगायला लागल्या. वेशीपाशी कोणाचं, मग कोणाचं, कोणाच्या अंगणात आंबा होता, कोणाच्या ओट्यावर पंचायत बसायची. वीस-बावीस घरं त्यांनी बोटांवर मोजली. घंटा त्यांनी कधी ऐकली नव्हती.

माळीणबद्दल लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचला आणि गाव गाडलं गेलं. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही आणि त्यातून बाहेर बातमी कळली. १५१ माणसं गेली. वाचलेल्यांचं गाव पुढे जवळच आमडे इथे नव्याने वसवलं गेलं. हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत झालं, आपल्यातले काहीजण मदतीला गेले होते. तरी मागच्या पावसाळ्यात वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्रफीत फिरत आली, ‘रात्री इथे आवाज येतात’ अशी, मागे भीतीदायक संगीत लावून. कोणीतरी गंमत म्हणून पुढे ढकलली होती. आपल्या एका मित्राने त्याखाली फक्त दोन नावं लिहिली, त्याच्या मावशीचं आणि तिच्या नातवाचं. त्या दिवशी गटावर पुढे कोणी काही लिहिलं नाही.

मी ज्या धंद्यात आहे त्यात अशा चित्रफिती कशा पसरतात हे मला रोज दिसतं. बघणारा थांबला की यंत्र तशाच आणखी चार दाखवतं. पूर्वी नाव विसरून भूत तयार व्हायला काही पिढ्या जायच्या, आता एका पावसाळ्यात होतं. ज्यांची नावं माहीत आहेत, ज्यांची माणसं हयात आहेत, त्यांचंही होतं. म्हणून मला वाटतं की भुतांची गोष्ट निघाली की एक प्रश्न विचारायची सवय आपण लावून घ्यावी. ‘खरंच दिसतं का?’ हा नव्हे. ‘कोण होतं ते?’ हा.

हाच प्रश्न मी शेवटी आपल्या शाळेच्या विहिरीपाशी नेला.

आपल्या वेळी विहिरीवर लोखंडी जाळी होती आणि संध्याकाळी सहानंतर तिकडे जायचं नाही असा दंडक होता. बाई कोण, याच्या तीन तरी आवृत्त्या होत्या. एकीत तिने जीव दिला होता, दुसरीत तिला कोणी ढकललं होतं, तिसरीत ती हडळ होती आणि तिचे पाय उलटे होते. गेल्या दिवाळीत मी आपल्या एका निवृत्त बाईंकडे गेले आणि विचारलं. बाई नव्वदीला टेकल्या आहेत, स्मरण लख्ख आहे. ऐकून त्या आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, “अगं, ती पाणी भरायची.”

शाळेत नळ यायच्या आधी प्रत्येक वर्गाबाहेर माठ असायचे आणि एक बाई विहिरीचं पाणी शेंदून ते भरायची. वीसेक वर्षं तिने हे काम केलं. पोरांना तहान लागली की सर सांगायचे, “विहिरीवरच्या बाईंना सांग.” नळ आला, काम थांबलं, ती गावी मुलाकडे गेली आणि म्हातारपणी घरच्या अंथरुणावर गेली. विहिरीत कोणी पडलं नाही, कोणी ढकललं नाही. तिला पाहिलेल्या मुलांनी धाकट्यांना सांगितलं, ‘विहिरीवरची बाई’. धाकट्यांनी ती पाहिली नव्हती. त्यांनी आपल्याला सांगितलं, तोवर शब्द तेवढे उरले होते आणि कप्पी वाऱ्याने करकरत होती. आपण त्या शब्दांना उलटे पाय लावले.

जुन्या पावत्यांच्या फायलीत मला तिची नोंद सापडली. ‘पाणीवाली बाई’, रक्कम, आणि खाली अंगठा. नावाचा रकाना कोरा. नाव बाईंना आठवत होतं, आणि त्यांनी सांगितलेल्या गावी जाऊन मी तिच्या नातवाला भेटले. आजीचं शाळेत भूत झालं आहे हे त्याला कसं सांगावं हे मला कळेना, पण त्याला ते आधीच माहीत होतं. त्याची मुलगी आपल्याच शाळेत आठवीत आहे. घरच्यांशी बोलून ठरवतो म्हणाला, म्हणून नाव इथे छापलेलं नाही. मेळाव्याला तो येणार आहे, तोच सांगेल.

आता कामाचं. आपल्या बॅचतर्फे शाळेला पाणी शुद्ध करण्याचं यंत्र आणि थंड पाण्याची टाकी द्यायचं ठरलं आहे आणि त्यावर देणगीदारांच्या नावांची पाटी लावायची आहे. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, यावर गटावर बरीच चर्चा झाली आहे. इरिलाने आणि अयमाने टाक्यांवर नाव कोरलं, त्यामुळे आपण काही नवीन करत नाही आहोत, जुन्नरची रीतच पाळतो आहोत. फक्त इरिलाच्या टाक्यातून रोज पाणी कोण काढायचं, ते तिथे लिहिलेलं नाही. माझी सूचना अशी आहे की तिच्या घरच्यांनी होकार दिला तर पाटीवर सगळ्यात वर तिचं नाव असावं, आणि त्यापुढे ‘यांनी या शाळेत वीस वर्षं पाणी भरलं’ एवढंच. आपली नावं खाली, अकारविल्हे.

पाटीचा मजकूर मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ठरवायचा आहे, तेव्हा सगळ्यांनी थांबावं. त्याआधी सहाला ज्यांचे गुडघे परवानगी देतात त्यांना मी भूत लेण्यांत नेणार आहे. तिथे आग्या मोहोळं आहेत, त्यामुळे अत्तर लावू नका, आवाज करू नका आणि धूर तर मुळीच नको. चंदाचं नाव कुठे कोरलंय ते मी दाखवीन. हळू आवाजात वाचू.